चालती-फिरती (भाग ७) : ओटीपोटातलं ओझं

सकाळी उठल्यावर काहीच नसतं. कामाला जुंपून घेतलं की दुपारनंतर ओटीपोट जड व्हायला लागतं. खाली ओढ लागते, काहीतरी उतरत असल्यासारखं वाटतं, बसताना मध्येच काही टोचल्यासारखं होतं. रात्री आडवं झालं की बरं वाटतं. आपल्या शहरातली गोगाबाबा टेकडी रोज चढणाऱ्या, विद्यापीठाच्या रस्त्यावर पळणाऱ्या, जिममध्ये वजन उचलणाऱ्या आणि व्यायामाचं नावही न काढता दिवसभर वजनच उचलणाऱ्या, अशा सगळ्याच बायकांकडून मी हे ऐकते. पण ऐकते फार उशिरा. आधी कंबर सांगून होते, मग गुडघे, मग टाच. हे मात्र ‘जाऊ द्या, वयाचंच असेल’ म्हणून गिळलं जातं, आणि बहुतेकदा पहिला उपाय घरचाच असतो: फिरणं बंद. मला सगळ्यात जास्त त्रास त्या बंद करण्याचा होतो.

आत काय होतं ते आधी बघू. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर आडवा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग त्याच्या आधारानं राहतात. त्याला बाजेची नवार समजा. नवार ढिली पडली की वरचं सगळं मध्ये बसतं. फरक इतकाच की नवार पुन्हा आपोआप आवळत नाही, स्नायू मात्र कामाला लावला तर आवळतो. बाळंतपणात बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो. काहींचा तो हाडापासून सुटतोही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि आधाराचे पडदे पातळ होतात. जुना खोकला, वर्षानुवर्षांचं कुंथणं, वाढलेलं वजन यांची त्यात भर पडते. आधार फारच सुटला की अवयव खाली सरकतात. याला आपल्याकडे अंग बाहेर येणं म्हणतात. पण जडपणा जाणवणाऱ्या प्रत्येकीचं अंग बाहेर आलेलं असतं असं नाही, आणि थोडंसं उतरलेलं असलं तरी कित्येकींना त्याचा पत्ताही नसतो.

आता दाब. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. आलं की हौद भरा, टाकी भरा, हौदातून बादल्या वर न्या. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचं वजन वेगळं. तो उचलताना बहुतेक जणी काय करतात ते नीट पाहा. पाय जवळ, कंबरेतून वाकलेल्या, हंडा अंगापासून हातभर लांब, आणि उचलण्याच्या क्षणी श्वास कोंडलेला. कोंडलेल्या श्वासानं पोटातला दाब एकदम वाढतो, आणि त्याला खालच्या बाजूला वाट मिळते.

तोच हंडा असा उचला. तो दोन पावलांच्या मध्ये घ्या. गुडघ्यांत वाका. श्वास घ्या. मग तोंडानं सावकाश फुंकर घालायला लागा आणि त्याच वेळी, गॅस अडवताना करतो तसं, खालचे स्नायू आत आणि वर ओढा. फुंकर चालू असतानाच उभ्या राहा. पहिले चार दिवस हे विचित्र वाटतं, नंतर हात आपोआप श्वासाची वाट बघायला लागतात. खोकला किंवा शिंक येण्याआधीही तसंच आवळायचं. जिममध्ये वजन उचलतानाही हाच नियम.

अशा दुखण्यांबद्दल न बोलण्याची किंमत आपल्या राज्यात मोजली गेली आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा एखादा तरी त्रास होता, आणि आयुष्यात आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

आपल्या शेजारचं बीड त्याहून जिव्हारी लागणारं. २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. उचल घेतलेली, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, डोक्यावर मोळी, पाळीत फडावर आडोसा नाही. अशा बाईला ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हे पटलं तर दोष तिचा कसा? पण पिशवी काढली म्हणून आधार देणारा थर मजबूत होत नाही. ढिला थर ढिलाच राहतो, आणि पुढे योनीचा वरचा भाग किंवा मूत्राशय खाली येऊ शकतं. शस्त्रक्रिया गरजेची असते तेव्हा असते, त्यात वाद नाही. गर्भाशय राखून ते वर टांगून धरण्याच्या शस्त्रक्रिया तर मुंबईतच घडल्या, डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांच्या हातून. मूल हवं असलेल्या तरुण बाईसाठी तेव्हा हा मोठा दिलासा होता. तरीही नुसत्या जडपणासाठी कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

शस्त्रक्रियेच्या आधीचे उपाय साधे आहेत, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित राहतात. १९४८ साली अमेरिकेतल्या डॉ. आर्नल्ड केगल यांनी या स्नायूंचा व्यायाम मांडला. आत आणि वर ओढा, सहा ते आठ सेकंद धरा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक जाणवायला तीन-चार महिने लागतात, पंधरा दिवसांत सोडून देऊ नका. मात्र तो शिकून घ्या. १९९१ सालच्या एका छोट्या अभ्यासात, नुसतं तोंडी सांगितल्यावर सुमारे चौथा हिस्सा बायका आवळण्याऐवजी खाली जोर देत होत्या. म्हणजे औषध समजून दुखणंच वाढवत होत्या. पोट, मांड्या, नितंब घट्ट होत असतील किंवा श्वास अडकत असेल तर काहीतरी चुकतंय.

आणि काहींनी हा व्यायाम करूच नये. सतत पोट आत ओढून धरणाऱ्या, ताणाखाली असणाऱ्या, कसून व्यायाम करणाऱ्या कित्येकींचे हे स्नायू ढिले नसतात, उलट आखडलेले असतात. आखडलेला स्नायूही जड वाटतो. संबंधाच्या वेळी दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, माकडहाडाशी ठणका ही त्याची खूण. तिथे आवळणं शिकवलं तर त्रास वाढतो. गुडघे छातीशी घेऊन पडणं, पोट फुगेल असा सावकाश श्वास, आणि सोडायला शिकणं हाच तिथला व्यायाम. इंटरनेटवरच्या व्हिडिओला हा फरक कळत नाही, तपासणाऱ्या हाताला कळतो. या कामाचं खास शिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट वेगळे असतात, वेळ घेतानाच तसं विचारा.

टेकडी सोडू नका. जितकं चाललं की त्याच संध्याकाळी ओढ लागत नाही, तितक्यावर या आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवा. उतरताना पावलं छोटी टाका, उड्या मारत उतरू नका. घरी आल्यावर कमरेखाली उशी घेऊन दहा मिनिटं पडा. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, कुंथू नका. रिंग हा उपाय तर डॉक्टर सुचवत नाहीत आणि बायका विचारत नाहीत. सिलिकॉनची लवचीक कडी डॉक्टर मापानं आत बसवतात, ती अवयवांना वर धरते. ठरावीक काळानं काढून धुवावी लागते. रिंग बसवून कामावर जाता येतं, चालता येतं.

पाळी गेल्यावर रक्त दिसलं, लघवी अडकली, ताप आला, पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं राहिलं, किंवा बाहेर आलेला भाग खरचटून रक्त आलं, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि लगेच दाखवा. फायब्रॉइड किंवा अंडाशयातली गाठही असाच जडपणा देते. घाटी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात ही तपासणी होते. पण ओपीडी सकाळची, आणि सकाळी सगळं जागेवर असतं. पडून तपासल्यावर ‘काही नाही’ म्हणाले तर परत फिरू नका. संध्याकाळी काय होतं ते सांगा आणि उभं करून, खोकायला लावून पुन्हा बघायला सांगा.

पुढच्या भागात : बाळंतपणानंतर पळायला कधी लागायचं.