खरी सवलत ओळखावी कशी?

दिवाळी तोंडावर आली की तंजावरच्या घराघरांत नव्या साड्यांची बोलणी सुरू होतात. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी येथे मराठी राज्य स्थापिले. त्याची खूण म्हणून काही घरांत ही बोलणी आजही मराठीत चालतात. पूर्वी त्यासाठी पेठेत पायपीट करावी लागे. आता गृहिणी मोबाइलवरील अ‍ॅप उघडते आणि शेकडो साड्या तिच्यापुढे उलगडतात. प्रत्येकीखाली एक किंमत खोडलेली, दुसरी ठळक, आणि शेजारी ‘४० टक्के सूट’!

ही सूट खरी की भासमान? खोडलेली किंमत विक्रेत्याने सांगितलेली असते. आपण तुलना करावी ती काही आठवड्यांपूर्वी ती वस्तू प्रत्यक्ष ज्या किमतीस मिळत होती तिच्याशी. समजा, १२,००० रुपये खोडून ७,२०० लिहिले आहेत. पण महिन्यापूर्वी तीच साडी ७,५०० रुपयांस मिळत होती. पोहोचविण्याचा खर्च १०० रुपये धरला, तर आपली बचत ४,८०० नव्हे, अवघी २०० रुपये! म्हणून सणाच्या महिनाभर आधी हवी ती वस्तू अ‍ॅपमधील आवडत्या वस्तूंच्या यादीत ठेवावी आणि तिची किंमत वहीत टिपावी. किंमत उतरताच कित्येक अ‍ॅप तशी सूचनाही देतात. अखेरीस दोन-तीन ठिकाणची, सर्व खर्च धरून होणारी रक्कम ताडून पाहावी.

तथापि किंमत उतरली एवढ्याने भागत नाही. वस्तू तीच आहे ना, हेही पाहिले पाहिजे. तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ तिरुभुवनम् हे विणकरांचे गाव आहे. तेथील रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. यंत्रमागावरील नक्कल त्याच नावाने स्वस्तात विकली गेली, तर गिऱ्हाईक फसते आणि हातमागावर दिवस दिवस राबणाऱ्या विणकराची मजुरीही बुडते. यासाठी खुणा ओळखाव्यात: ‘सिल्क मार्क’ शुद्ध रेशमाची ग्वाही देतो, ‘हँडलूम मार्क’ हातमागाची. एकीने दुसरीचे काम होत नाही.

१९३५ मध्ये स्थापन झालेली को-ऑपटेक्स ही तामिळनाडूच्या विणकरांची सहकारी संस्था दिवाळीत ३० टक्क्यांपर्यंत सवलत देते आणि आता घरबसल्याही माल विकते. अ‍ॅपवरील भावाची पारख करण्यास तिचे दर उत्तम माप ठरतात.

‘केवळ दोनच शिल्लक’, ‘दहा मिनिटांत संधी संपेल’ अशा खोट्या घाईलाही बळी पडू नये. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली आहे. न विचारता टोपलीत वस्तू घालणे, शेवटच्या टप्प्यावर छुपा आकार लावणे, या त्यांपैकीच. फसवणूक झाल्यास पडद्याचे छायाचित्र व पावती जपून ठेवावी आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

गरज आधी ठरवावी, सवलत मागाहून शोधावी. मग दिवाळीत आणलेली साडी अंगावर शोभेल, घरचा हिशेब जुळेल, आणि ज्याने ती विणली त्याच्या घरीही दिवा लागेल.