पराभवाच्या चौकशीतून घडलेले सैन्य

डिसेंबर १८९९. दक्षिण आफ्रिकेत डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांनी ब्रिटिश सैन्याला एका आठवड्यात तीन ठिकाणी हरवले: १० तारखेला स्टॉर्मबर्ग, ११ला मॅगर्सफाँटेन आणि १५ला कोलेन्सो. कोलेन्सोला तर दहा तोफाही शत्रूच्या हाती गेल्या. हा ‘काळा आठवडा’ ब्रिटिश लष्कराच्या इतिहासातला मोठा टप्पा ठरला. त्याआधीही हे लष्कर अनेकदा हरले होते, पण दर वेळी सुधारले नव्हते. जिथे पराभवाची उघड झडती झाली आणि ती मनावर घेणारा माणूस अधिकारपदी होता, तिथेच बदल टिकला.

अमेरिकेत १७७७ मध्ये साराटोगाला आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश फौजांनी शस्त्रे खाली ठेवली. झाडाझुडपांच्या आडून, विखरून लढण्याचे जे कसब तिथे रक्त सांडून मिळाले, ते तह होताच बरेचसे विसरले गेले. पुढे १७९३ ते १७९५ दरम्यान फ्लँडर्समध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्यापुढे माघार घ्यावी लागली. त्या मोहिमेचा सेनापती ड्यूक ऑफ यॉर्क १७९५ मध्ये सरसेनापती झाला. अधिकारपदे विकत मिळत, त्यामुळे श्रीमंतांची पोरेसोरेही हुद्दे मिरवत. कॅप्टन होण्यासाठी दोन आणि मेजर होण्यासाठी सहा वर्षांची नोकरी त्याने सक्तीची केली. त्याच्या काळात लष्करी महाविद्यालय उभे राहिले. १८०३ पासून शॉर्नक्लिफच्या छावणीत सेनापती जॉन मूर यांनी शिपायाला स्वतः विचार करायला शिकवले. स्पेनमध्ये वेलिंग्टनने जिंकलेल्या लढायांमागे ही मेहनत होती.

क्रिमियाचे युद्ध (१८५४-५६) ब्रिटनने मित्रांसह जिंकले, पण तिथली व्यवस्था पुरती हरली. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा रोगराईने कितीतरी जास्त शिपाई नेले. विल्यम हॉवर्ड रसेल यांची ‘टाइम्स’मधली वार्तापत्रे घरोघर वाचली गेली, १८५५ मध्ये संसदेने चौकशी समितीचा ठराव मंजूर केला आणि पंतप्रधान ॲबरडीन यांचे सरकार पडले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आकडेवारी मांडून लष्करी आरोग्यव्यवस्थेवर आयोग नेमायला लावला. हुद्द्यांची विक्री मात्र १८७१ मध्ये युद्धमंत्री कार्डवेल यांनी बंद केली. उमरावांच्या सभागृहाचा विरोध राणीच्या फर्मानाने बाजूला सारावा लागला.

१८८१ मध्ये माजुबा टेकडीवर बोअरांच्या अचूक नेमबाजीने जनरल कॉली यांचा बळी घेतला. ग्लॅडस्टन सरकारने तह केला. सैन्यात सूडाची भाषा राहिली, नेमबाजीचा धडा नीट गिरवला गेला नाही. अठरा वर्षांनी त्याच नेमबाजीने कोलेन्सोला हजारावर माणसे घायाळ, ठार वा कैद केली. तिथल्या जखमींना वाहून नेणाऱ्यांत मोहनदास गांधी यांचे भारतीय रुग्णवाहिका पथकही होते.

या वेळी मात्र ब्रिटनने आरशात पाहिले. युद्धाची चौकशी करणाऱ्या एल्गिन आयोगाने सेनापतींना साक्षीला बोलावले आणि साक्षी छापून लोकांपुढे ठेवल्या. एशर समितीच्या शिफारशींवरून १९०४ मध्ये सरसेनापतीपद रद्द होऊन लष्करी मंडळ आले, मागोमाग जनरल स्टाफही. युद्धमंत्री हॉल्डेन यांनी परदेशी पाठवायला सहा पायदळ डिव्हिजन आणि एक घोडदळ डिव्हिजन सज्ज केली, घरच्या रक्षणासाठी १९०८ मध्ये टेरिटोरियल फोर्स उभारली. शिपायाला मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडायचा सराव दिला. ऑगस्ट १९१४ मध्ये मॉन्सला जर्मनांनी ती नेमबाजी अनुभवली. बदल लष्कराबाहेरही झाला: बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेल्या कामगारांची खालावलेली प्रकृती पाहून देश हादरला आणि १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला.

या झडतीलाही मर्यादा होती. त्या युद्धात ब्रिटिशांनी छावण्यांत कोंडलेल्या हजारो बोअर आणि आफ्रिकी स्त्रिया-मुलांचे मृत्यू लष्करी सुधारणांच्या हिशेबात आले नाहीत. हे सैन्य आपल्यावर राज्य करणाऱ्यांचे होते, हेही विसरू नये. तरीही चुका छापील कागदावर उतरवण्याचे धैर्य शिकण्यासारखेच आहे.

आपल्याकडे चीनकडून झालेल्या १९६२च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्यांच्या कारकिर्दीत सैन्य वाढले, सावरले. पण त्या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारने अधिकृतपणे लोकांपुढे ठेवलेला नाही. तो खुला व्हावा, ही मागणी आता प्रत्येक नागरिकाने करायला हवी.