धबधब्याजवळची ओवी

गेल्या पावसाळ्यात एका शाळेतील शिक्षिका मोबाईलवर केलेले एक चित्रण घेऊन माझ्याकडे आल्या. नाशिकजवळ सोमेश्वरच्या धबधब्यापाशी एका आजीबाईंना उभे करून मुलांनी त्यांच्याकडून ओव्या म्हणवून घेतल्या होत्या. (ओवी जात्यावरची, धबधब्याशी तिचा संबंध काय, हे मी विचारले नाही.) चित्र सुरेख होते, पण ऐकू येत होती ती गोदावरी. "यातले पाणी तेवढे काढून टाकता येईल का?" असा बाईंचा प्रश्न होता.

पाणी काढता येते. पण त्याबरोबर आणखी काय जाते, ते पाहू.

कोणताही आवाज म्हणजे निरनिराळ्या वारंवारितेच्या लहरींची बेरीज. ही बेरीज सोडवण्याची रीत जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली, तीही उष्णतेवरील ग्रंथात मांडली. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो. त्यामुळे शाळेच्या ध्वनिवर्धकातली गुणगुण ५०, १००, १५० हर्ट्झ अशा ठरावीक जागीच सापडते. तेवढ्या अरुंद पट्ट्या कापल्या की काम झाले. मुलांच्या आवाजाची मूळ वारंवारिता बहुधा २०० हर्ट्झच्या वर असल्याने त्याला फारसा धक्काही लागत नाही.

धबधब्याचे तसे नाही. त्याचा आवाज सगळ्या वारंवारितांवर पसरलेला असतो. अशा वेळी बोलणे सुरू होण्यापूर्वीचा, नुसत्या पाण्याचा तुकडा घेतात. कोणत्या वारंवारितेला सरासरी किती गोंगाट आहे ते त्यावरून मोजतात आणि पुढच्या ध्वनिमुद्रणातून तेवढा वजा करतात. ही वजाबाकी स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली मांडली. पण वजा होते ती सरासरी. क्षणोक्षणीचा चढउतार शिल्लक राहतो आणि चमत्कारिक किणकिण ऐकू येते.

खरी पंचाईत पुढेच आहे. 'स' आणि 'श' लांबवून म्हणून पाहा. गळ्यावर हात ठेवला तर कंप जाणवत नाही. ही व्यंजने म्हणजे दातांमागून सुटणाऱ्या हवेचा फुसकारा, जवळजवळ छोटा धबधबाच! वजाबाकी करणाऱ्या यंत्राने पाण्याबरोबर तीही पुसली. आजीबाईंचे 'सासर' बाईंना 'आअर' असे ऐकू आले.

हजारो तासांच्या बोलण्यावर तयार केलेल्या आजच्या संगणकप्रणाली यापेक्षा पुष्कळच चांगले काम करतात. तरी त्या बुडालेले अक्षर अंदाजाने भरतात. ओवीतला जुना, बोलीतला शब्द त्यांच्या ओळखीचा असेलच असे नाही. म्हणून मूळ चित्रण कधीही पुसू नये.

याहून सोपा उपाय अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाजाची तीव्रता चौपट होते. मोबाईल २ मीटरवरून २५ सेंटिमीटरवर आणला तर ती ६४ पट, म्हणजे सुमारे १८ डेसिबलने वाढते. पाण्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. वर्गात पंखा लावून हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा. भिंतींवरून येणाऱ्या प्रतिध्वनींमुळे फरक थोडा कमी भरेल.

बाईंनी दुसरे ध्वनिमुद्रण आजीबाईंच्या स्वयंपाकघरात केले. मोबाईल वीतभर अंतरावर, पंखा बंद, सुरुवातीला दहा सेकंद सगळे गप्प. 'सासर' स्वच्छ ऐकू आले. मधे एकदा कुकरची शिट्टी झाली, ती तशीच ठेवली आहे.