कानाचा पडदा (लेखांक ९) : ठिगळाचे कापड

कानातल्या हाडांच्या साखळीला या आठवड्यापुरते थांबावे लागणार. दहिवडीच्या बाजूने एक प्रश्न आला आहे आणि तो आधी घेण्याजोगा आहे. घरातल्या मुलीचा कान लहानपणापासून फुटलेला. आता तो कोरडा झाला आहे आणि पडद्याचे ऑपरेशन ठरले आहे. आजीचे म्हणणे एकच : "ठिगळ आणणार कुठनं? पोरीच्या मांडीचं कातडं काढणार काय?"

आजीच्या शंकेला इतिहास आहे. १९५०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनीत वुल्श्टाइन आणि त्सोल्नर यांनी या शस्त्रक्रियेची घडी बसवली, तेव्हा ठिगळ कातडीचेच असे. पण कातडीचा वरचा थर सतत झडत असतो. कानाच्या आतल्या पोकळीत तो कोंडा साचला की गाठ धरते, पू होतो, ठिगळ पुन्हा फाटते. मग कुणी शिरेची भिंत वापरून पाहिली. १९६०च्या आसपास जर्मनीत हेरमान आणि अमेरिकेत स्टॉर्स यांनी कानशिलातला पापुद्रा घेतला, आणि तो जगभर रुळला.

हा पापुद्रा कुठे असतो, ते घरबसल्या कळते. कानाच्या वर बोटे टेकवून दात आवळावेत. बोटांखाली फुगतो तो चावण्याचा स्नायू. त्याच्यावर पांढरे, चिवट आवरण ताणून बसवलेले असते. डॉक्टर त्याला टेम्पोरालिस फॅशिया म्हणतात. कानामागे जो छेद पडद्यापर्यंत पोचायला घेतात, त्याच छेदातून वर सरकले की ते हाती लागते. मांडीला हात लावायची गरजच पडत नाही.

काढलेला तुकडा काचेच्या पट्टीवर पसरतात, त्याला चिकटलेले मांस आणि चरबी खरवडतात आणि तो वाळवतात. ओला असताना तो गोळा होतो. वाळला की पतंगाच्या कागदासारखा ताठ होतो आणि हवा तसा कापता येतो. मूळ पडदा जेमतेम ९-१० मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड, म्हणून हे सगळे सूक्ष्मदर्शकाखाली चालते. भोकाची बरी झालेली कड गेल्या आठवड्यात सांगितल्याप्रमाणे खरवडून ताजी करतात. मग वाकळेला आतल्या अंगाने कापड लावावे, तसे ठिगळ पडद्याच्या आतून सरकवतात. खाली विरघळणाऱ्या स्पंजचा टेकू देतात. टाका एकही नाही.

इथे खरे नवल आहे. भोकाच्या मध्यावर ठिगळाला रक्त कुठून मिळते?

पुण्याची एक गोष्ट आठवते. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रज फौजेच्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले. पुण्यातल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये १७९४ साली ती हकीकत छापून आली. त्या कातडीचा एक देठ भुवयांमध्ये जोडलेलाच ठेवला होता. देठातून रक्त येत होते, म्हणून नाक जगले.

कानातल्या ठिगळाला असा देठ नसतो, आणि तो लागतही नाही. या पापुद्र्याची भूक फार थोडी. कडेने झिरपणाऱ्या द्रवावर तो पहिले दिवस काढतो. तेवढ्यात बाहेरून पडद्याची कातडी आणि आतून अस्तर त्याच्यावर सरकत येते, कडेच्या रक्तवाहिन्या आत शिरतात. वेलाला मांडव द्यावा, तसे त्याचे काम.

म्हणून नंतरचे काही आठवडे जपायचे असतात. जोरात नाक शिंकरायचे नाही. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यायची. कानात पाणी नाही, तेल नाही, आणि डॉक्टर मोकळीक देईपर्यंत विहिरीत उडी नाही. पापुद्रा काढलेल्या बाजूला चावताना काही दिवस दुखते. तेवढे दिवस बाजरीची भाकरी कालवणात कुस्करून द्यावी. स्नायू जागेवरच असतो, चावण्याची ताकद जात नाही.

आजीचा दुसरा प्रश्न : "हे ठिगळ धरलंच नाही तर?" बहुतेक वेळा ते धरते. नाही धरले, तरी कानशिलात कापड शिल्लक असते, आणि कानाच्या तोंडाशी असलेल्या छोट्या कुर्चेवरचे आवरणही चालते. दुसऱ्यांदा ऑपरेशन करताना पुष्कळदा तेच घेतात.

हाडांची साखळी पुढच्या आठवड्यात, हातोडीपासून.