परक्या देहात रक्त किती दिवस जगते?

हुबळीचे वैद्यकीय महाविद्यालय १९५७ साली सुरू झाले. त्याच्या रुग्णालयात धारवाड, गदग, हावेरी या जिल्ह्यांतून रोगी येतात. अशा रुग्णालयातील रक्तपेढीपाशी ताटकळणाऱ्या आप्तांच्या मनात एक शंका हमखास असते : दुसऱ्याचे हे रक्त आपल्या माणसाच्या अंगी कितीसे टिकणार?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. दिलेल्या तांबड्या पेशी दोनतीन आठवड्यांत नाहीशा होतात, असा पूर्वी समज होता. १९१९ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये विनिफ्रेड ॲशबी या संशोधिकेने तो खोटा ठरविला. तिची युक्ती साधी होती. ए गटाच्या रोग्याला ओ गटाचे रक्त द्यावयाचे, पुढे वेळोवेळी त्याच्या रक्ताचा थेंब घेऊन त्यात ए पेशींच्या गुठळ्या करणारा रक्तरस मिसळावयाचा. रोग्याच्या स्वतःच्या पेशी गोळा होतात; पाहुण्या पेशी सुट्या राहतात व मोजता येतात. शंभर दिवसांनंतरही तिला अशा पेशी आढळल्या. पुढील संशोधनाने तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे ठरले.

मात्र पिशवीतील सर्वच पेशी इतक्या जगत नाहीत. दात्याच्या रक्तात कालची पेशी असते, तशीच आयुष्य सरत आलेलीही असते. म्हणून रोज शेकडा एकाहून किंचित कमी पेशी गळत जातात आणि चार महिन्यांत सर्व संपतात. थॅलसेमिया झालेल्या मुलाचे शरीर निकोप पेशी पुरेशा निर्माण करू शकत नाही. ही रोजची गळती भरून निघत नाही, म्हणूनच त्याला दर दोन ते पाच आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावे लागते.

पेढीच्या थंड कपाटातही पेशी हळूहळू थकतात. रक्ताची मुदत त्यामुळे अंदाजाने ठरवीत नाहीत. साठविलेल्या पेशींना किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या दात्याच्याच शरीरात परत सोडतात. चोवीस तासांनंतर सरासरीने शेकडा पंचाहत्तर तरी जिवंत आढळल्या पाहिजेत. साठवणीच्या द्रावणाप्रमाणे ही मुदत ३५ किंवा ४२ दिवसांची असते. ‘ताजेच रक्त द्या’ असा आग्रह पुष्कळदा धरला जातो. परंतु कॅनडा व युरोपात सुमारे २,४०० अत्यवस्थ रोग्यांवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याच्या आतले रक्त मिळालेले रोगी अधिक संख्येने वाचले असे दिसले नाही.

पेशींच्या वयापेक्षा गटाचा मेळ फार महत्त्वाचा आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना काही माणसांत एक विलक्षण गट आढळला. तो आज ‘बॉम्बे गट’ म्हणून जगभर ओळखला जातो. या माणसांच्या पेशींवर ए किंवा बी तर नाहीच, पण ओ गटाच्या पेशींवर विपुल असणारा एच हा घटकही नसतो. उलट त्यांच्या रक्तरसात एचविरोधी द्रव्य असते. वरवरच्या तपासणीत असा माणूस ओ गटाचा भासतो. पण त्याला ओ रक्त दिले तर एकशेवीस दिवस राहोतच, त्या पेशींचा तत्काळ नाश होऊन जिवावर बेतते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते.

हा गट दुर्मिळ असला तरी महाराष्ट्राप्रमाणे कर्नाटकातही आढळतो. म्हणूनच रोग्याचा रक्तरस ओ पेशींशी ताडून पाहणे आणि दात्याचे रक्त रोग्याच्या रक्ताशी जुळवून पाहणे, ही दोन्ही कामे पेढीत नेमाने करावी लागतात. बाहेर थांबलेल्यांना हा वेळ लांबल्यासारखा वाटतो. दिलेले रक्त काही मिनिटांत नासणार की महिनोन्महिने रोग्याची सेवा करणार, हे मात्र त्याच वेळात ठरत असते.