शिट्टी मारली की घोडा हजर, पण चंदीचं काय?

ज्यांचा हा भाग एसटीत रेंज गेल्यामुळे अर्धाच ऐकून झाला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझे 'तर'आणि 'म्हणजे' थोडे छाटलेत.

(मागे शिट्टीचा आवाज येतोय तो गेममधला आहे, शेजारच्या पोरांचा नाही.)

विषय आहे 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'. सकर पंच या स्टुडिओचा हा गेम १७ जुलै २०२० ला पीएस फोरवर आला आणि १६ मे २०२४ ला पीसीवर. आपल्यातले बरेच जण तो खेळत नाहीत, मोबाईलवर दुसऱ्याचं खेळणं बघतात. चालतंय की. काळ १२७४ चा. मंगोल आरमार जपानच्या त्सुशिमा बेटावर उतरतं आणि जिन साकाई नावाचा सामुराई त्यांच्याशी लढतो. जिन काल्पनिक आहे, स्वारी खरी आहे. त्या वेळी बेटाचा कारभारी सो सुकेकुनी सुमारे ८० घोडेस्वार घेऊन किनाऱ्यावर सामोरा गेला आणि तिथेच पडला.

लढाईबद्दल सगळेच बोलतात. मला बोलायचंय ते या गावातून त्या गावात जायचं कसं, याबद्दल. कारण गेमची खरी करामत तिथे आहे.

बाकीच्या ओपन वर्ल्ड गेममध्ये कोपऱ्यात छोटा नकाशा असतो. आपण डोंगर, नदी काही बघत नाही, त्या नकाशातल्या ठिपक्यामागे पळत राहतो. इथे तो नकाशाच काढून टाकलाय. टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो. गवत, पानं ज्या दिशेला वाकतात तिकडे तुमचं ठिकाण. काळा धूर दिसला तर कुठेतरी जाळपोळ झालीय. पिवळा पक्षी घिरट्या घालायला लागला तर त्याच्या मागे जा, काहीतरी सापडतंच. थोडक्यात, मान वर करून मुलूख वाचावा लागतो.

हे आपल्याकडच्या माणसाला नवं नाही. शिराळ्यात मोरणेच्या काठाला उभं राहून पश्चिमेकडे बघा. वारणेचं खोरं धरून वर गेलं की चांदोली, त्याच्या पुढे सह्याद्रीच्या धारेवर प्रचितगड, आणि गडाखाली कोकणात शृंगारपूर, मग संगमेश्वर. पूर्वी वाट सांगायची पद्धत अशीच होती. नदी उजवीकडे ठेव, ती सोंड चढ, खिंडीतून उतर. गूगलबाई नव्हत्या तेव्हाही लोक पोचत होते.

आता घोडा. सुरुवातीला घोडा निवडायचा आणि तीन नावांतून एक द्यायचं: नोबू, सोरा किंवा कागे. विश्वास, आकाश, सावली. पुढे कुठेही असा, शिट्टी मारा, पाच-सात सेकंदात घोडा हजर. दिवसभर भरधाव पळवा, दमत नाही. खात नाही, पीत नाही, लंगडत नाही. वर तुम्ही खोगिरावरून न उतरता वाटेतला बांबू, लाकूडफाटा गोळा करता. आपला मोतद्दार कुठे आहे, असा प्रश्न जिनला कधीच पडत नाही.

(मोतद्दार म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस. खरारा करणं, तंग आवळणं, तोबरा बांधणं ही त्याची कामं. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला अडकवायची धान्याची पिशवी. त्यातल्या धान्याला चंदी म्हणतात.)

खऱ्या घोड्याचा हिशोब वेगळा. साध्या चालीत तो तासाला सहा-सात किलोमीटर जातो. दुडकीत त्याच्या दुप्पट. चौखूर उधळला तर चाळीसच्या पुढे, पण ते काहीच किलोमीटर. त्यानंतर तो घामाने निथळतो आणि त्याला उसंत द्यावीच लागते. दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं. घाट उतरताना तर बहुतेक वेळा स्वारानेच खाली उतरून लगाम हातात धरायचा.

म्हणूनच शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था वाचताना मला तलवारीपेक्षा पखाल जास्त महत्त्वाची वाटते. सभासद बखरीत दिलंय: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा, आणि एक नालबंद. त्या पंचवीस स्वारांवर एक हवालदार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. पावसाळ्यात फौज छावणीला आणि दसऱ्याला मोहिमेवर. आपल्याला वाटतं मोहीम सेनापती ठरवतो. अर्धी तरी ती गवत ठरवायचं.

चिपळूणजवळच्या तळावरच्या जुमलेदारांना महाराजांनी पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळलीत, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिरून दाणा, भाजी, लाकूड उचलाल, आणि लोकांना मोगल बरे वाटू लागतील. शिवाय रात्री दिवे विझवा, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. एवढ्या मोठ्या राजाला उंदराची काळजी! पण गंजी जळाली की पागा गेली, आणि पागा गेली की पुढची मोहीम गेली.

आता शिराळ्याची गोष्ट, जी इथल्या प्रत्येक पोराने ऐकलीय. १ फेब्रुवारी १६८९ ला मुकर्रबखानाने संगमेश्वरला संभाजी महाराजांना पकडलं आणि पुढे भीमेकाठी बहादूरगडाला, म्हणजे पेडगावला नेलं. शिराळ्याची परंपरा सांगते की इथल्या भुईकोटाजवळ काही लोकांनी महाराजांना सोडवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. ती परंपरा म्हणूनच सांगतोय, दस्तऐवज म्हणून नाही. पण क्षणभर त्या माणसांच्या जागी उभे राहा. बातमी येणार तीही घोड्यावरून किंवा पायी. ती आल्यावर स्वार गोळा करायचे. कुणाचा घोडा रानात, कुणाचा बिननालाचा. फेब्रुवारीत डोंगरावरचं गवत वाळलेलं. आणि समोरून येणारी फौज थांबणार नाही, कारण थांबण्यात धोका आहे हे तिलाही ठाऊक. गेममध्ये या सगळ्याला एक शिट्टी पुरली असती. फास्ट ट्रॅव्हल वापरलं असतं तर तीही नको.

म्हणून गेम वाईट ठरतो का? अजिबात नाही. घोड्याला दर तासाला पाणी पाजावं लागलं असतं तर आपण दुसऱ्या दिवशी डिलीट मारला असता. फक्त त्याने काय गाळलंय ते ओळखून खेळलं की जास्त मजा येते.

एक गोष्ट मात्र त्याने गाळली याचं मला वाईट वाटतं. जिनचा घोडा उंचापुरा, सिनेमातला आहे. खऱ्या त्सुशिमाचा घोडा ठेंगणा. ताइशू नावाची ही जात जपानच्या आठ देशी जातींपैकी एक. चढाच्या वाटांवर ओझं वाहायला पक्की, आणि आता काही डझनच उरलीय. जपानी घोड्यांना पूर्वी लोखंडी नाल नसायचा, गवताचे जोडे बांधायचे. आपल्याकडेही डोंगरात चालला तो बुटका, काटक दख्खनी टट्टूच. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळालीय. तो बघायला म्युझियमला जायची गरज नाही. दिवाळीच्या पुढेमागे मेंढपाळांचे वाडे रस्त्याने निघतात, तेव्हा पाठीवर अख्खं बिऱ्हाड, वर कोंबड्या आणि कोकरं घेऊन चाललेला तो हाच. गाडीतून हॉर्न मारू नका, जरा काच खाली करून बघा.

शेवटी खेळणाऱ्यांसाठी. एक संध्याकाळ फास्ट ट्रॅव्हल बंद. पूर्ण बेट घोड्यावरून, शक्यतो चालीत. वाऱ्याची मदत फक्त चुकल्यावर घ्या. आणि घोड्याचं नाव काय ठेवू, असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकच उत्तर: मी सोरा ठेवलंय. तुमचं कळवा.