चेहऱ्यावरचे डाग, घरचे तेल आणि मेडिकलची ट्यूब

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही ओट्यावर बीपीचे यंत्र घेऊन बसतो. बीपी तपासून झाला की उठता उठता कुणीतरी हळूच विचारतेच, "ताई, गालावरच्या या काळ्या डागांना काही घरचं तेल सांगा ना." तेल सांगतो. पण आधी डाग उजेडात पाहतो, आणि चेहऱ्याला सध्या काय लावता ते विचारतो.

हे विचारायची सवय एका ताईंमुळे लागली. त्यांच्या गालावर वांग होते. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली आणि आठ दिवसांत चेहरा उजळला. मग शेजारणीने घेतली, नणंदेने घेतली. ताईंनी दोन वर्षे रोज लावली. आमच्याकडे आल्या तेव्हा गालाची कातडी कागदासारखी पातळ झाली होती, लाल शिरा दिसत होत्या, हनुवटीवर केस आले होते. चुलीपुढे बसले तरी चेहरा पेटायचा. ट्यूब सोडली की लाली आणि पुरळ दुप्पट, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. वांग होते तिथेच होते.

अशा ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. वेष्टनावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले तर ते औषध आहे, रोजची क्रीम नव्हे. काहींत सोबत हायड्रोक्विनोनही असते. डॉक्टर ही औषधे देतात, पण ठरावीक दिवसांसाठी आणि नजरेखाली. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी काउंटरवर ती मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे. घरात कुणी महिनोन् महिने लावत असेल तर आजच फेकून देऊ नका. एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो. ट्यूब पिशवीत घालून सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात न्या आणि दाखवा.

बिननावाच्या डबीतली गोरेपणाची क्रीम तर घरात आणूच नका. अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. पारा कातडीतून अंगात जातो आणि किडनी बिघडवतो.

आता तेल. घाण्याचे तिळाचे तेल अर्धी वाटी आणि ज्येष्ठमधाची बारीक पूड एक चमचा. पूड आयुर्वेदिक दुकानात मिळते. पातेल्यात पाणी उकळायला ठेवा, त्यात तेलाची स्टीलची वाटी ठेवा, पूड घालून मंद आचेवर अर्धा तास राहू द्या. तेल थेट गॅसवर ठेवले की पूड करपते. निवल्यावर दुहेरी सुती फडक्यातून गाळा आणि पूर्ण कोरड्या बाटलीत भरा. पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी येते. बाटली अंधारात ठेवा, महिन्याभरात संपवा, खवट वास आला तर टाकून द्या.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर हे तेल तुमच्यासाठी नाही. नाहीतर रात्री चेहरा धुऊन तीन-चार थेंब हलक्या हाताने लावा, घासू नका. मुरुमे असतील त्यांनी तेल लावूच नये. लिंबू तर नकोच. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावर चट्टे आणि फोड आलेले आम्ही पाहिले आहेत. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घालायचीही गरज नाही, काहींना त्यानेच खाज सुटते.

या तेलाने काय होते? कोरडी कातडी मऊ होते, मुरुमांनंतरचे फिकट डाग जायला थोडी मदत होऊ शकते. ज्येष्ठमधात काळा रंग तयार होण्याला अडवणारा घटक आहे, पण घरच्या तेलात तो थोडाच उतरतो. वांग नुसत्या तेलाने जात नाही. त्याला ऊन लागते, गरोदरपण लागते, कधी गर्भनिरोधक गोळ्या, कधी आईकडून आलेले असते. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुतेकींचे फिके होते. गोळ्यांमुळे वाटत असेल तर मनाने बंद करू नका, दवाखान्यात तांबीबद्दल विचारा. तांबीत हार्मोन नसतात.

खरा उपाय उन्हापासून आडोसा. बांधकामावर, भाजीच्या पाटीवर, कचरा वेचताना दिवसभर ऊन घेणाऱ्या बायकांना "उन्हात जाऊ नका" सांगणे म्हणजे थट्टाच. म्हणून रुंद काठाची टोपी, नाहीतर पदर कपाळावरून पुढे ओढून जाड सुती रुमाल बांधा. जमले तर एसपीएफ ३० चे सनस्क्रीन, दोन-तीन तासांनी पुन्हा. महिन्याला एकच वस्तू परवडत असेल तर तेलाऐवजी तेच घ्या.

आणखी दोन डाग नीट ओळखा. मानेवर, काखेत मखमलीसारखी काळी जाड कातडी म्हणजे मळ नव्हे. कितीही घासा, जात नाही. बऱ्याचदा ती साखर वाढण्याची आधीची खूण असते. रक्तातली साखर तपासून घ्या, मुलांची मान अशी असेल तर त्यांचीही. दुसरा, फिकट किंवा लालसर चट्टा, जिथे टोचलेले कळत नाही. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि वेळेत घेतले तर पूर्ण बरे होते. एखादा काळा तीळ वाढतोय, आकार बदलतोय, रक्त येतेय, तर लगेच डॉक्टर.

आणि लग्नाच्या मुलीला घेऊन "हिला उजळ करा" म्हणत येणाऱ्या आयांना आमचे उत्तर ठरलेले आहे. डाग दाखवा, पाहतो. रंगाला औषध नाही, कारण तो आजार नाही.

त्या ताई आता सहा महिन्यांपासून त्वचारोग विभागात जातात. शिरा अजून दिसतात, पण जळजळ थांबली आहे. परवा त्यांनीच नणंदेची ट्यूब आमच्याकडे आणून दिली.